भावाला आणायला गेले तेव्हाची बॅग

थंडीच्या दिवसांत परदेशी जाताना सोबत काय न्यावं, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. कुणाची मुलगी नर्सिंगला निघालेली असते, कुणाच्या सुनेचं बाळंतपण तिकडे असतं. शाळा सुटली की ते ओसरीवर येऊन बसतात आणि वही काढतात. मी सांगते. जाड स्वेटर एकच पुरे, त्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घाला. वारा-पाऊस अडवणारं जाकीट मात्र पाहिजेच. सुती मोजे नेऊ नका, ओले झाले की दोन-दोन दिवस वाळत नाहीत. गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. तिकडच्या विजेच्या बोर्डात आपली पिन जात नाही, तेव्हा अडॅप्टर इथूनच घ्या. आणि पत्ता कागदावर लिहून अंगावर ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

लोक लिहून घेतात, चहा पितात आणि जाता जाता म्हणतात, "मॅडम, तुमी तं मस्त फिरून आल्या." मी हो म्हणते. केनवडात सगळ्यांना हेच माहीत आहे, कारण आम्हीच तसं सांगितलं होतं. खरं म्हणजे मी माझ्या धाकट्या भावाला घरी आणायला गेले होते.

तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. माझं माहेर रिठद. मी लग्न होऊन केनवडला आले, इथल्याच शाळेत शिकवते, आणि माझ्या नवऱ्याचं बियाणं-खताचं दुकान आहे. भाऊ इंजिनिअर झाला, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग पुढचं शिकायला इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात गेला. विषय पाण्याचा, जमिनीत ओल किती आणि कशी टिकते त्याचा. अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. सुरुवातीला रोज फोन यायचा. मग आठवड्याला एक. उन्हाळ्यात नुसते मेसेज यायला लागले, "कामात हाये, नंतर करतो." सप्टेंबरात तो परत यायचा होता, पण प्रकल्प बाकी आहे, मुदत वाढवून मिळाली, असं त्याने कळवलं. आम्ही मानलं. आई म्हणायची, "पोट्टा मोठा झाला आता. त्याले सारखं सारखं काय इचारायचं."

दिवाळीला मी त्याला फराळाचं पार्सल पाठवलं. भाऊबीजेला त्याने फोन उचलला नाही. मी दिवसभरात सहा-सात वेळा लावला. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, "झोपलो होतो."

त्यानंतर चार दिवसांनी माझ्या नवऱ्याच्या फोनवर एका अनोळखी मुलाचा फोन आला. तो हैदराबादकडचा होता आणि भावाच्याच घरात पलीकडच्या खोलीत राहत होता. त्याच्याकडे आमचा नंबर नव्हता. आमचं पार्सल दारात तसंच पडून होतं, त्याच्यावर लिहिलेला नंबर पाहून त्याने फोन केला होता. नवऱ्याने फोन माझ्याकडे दिला.

"दीदी, बुरा मत मानिए," तो मुलगा म्हणाला. "वो कमरे से निकलता नहीं. खाना नहीं खाता. कॉलेज तो मार्च से नहीं गया. मुझे डर लग रहा है, इसलिए फोन किया."

मार्चपासून. म्हणजे होळीपासून आम्ही ज्या मुलाशी बोलत होतो, तो एका बंद खोलीत बसून आमच्याशी बोलत होता. मी दुकानातल्या खताच्या पोत्यावर बसले. नवऱ्याने दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, म्हणजे कोणी आत येणार नाही.

जाणार कोण, हा प्रश्नच नव्हता. आमच्या दोन्ही घरांत पासपोर्ट फक्त माझा होता. भाऊ जाताना त्यानेच हट्टाने काढायला लावला होता, "माह्या पदवीच्या कार्यक्रमाले तू येशील," म्हणून. पण पासपोर्ट असला म्हणजे लगेच निघता येत नाही. व्हिसा लागतो. सरकारी शाळेतल्या बाईला परदेशी जायला वरून लेखी परवानगी लागते. या दोन्हीला मिळून जवळजवळ तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे मी कसे काढले, ते मला आजही सांगता येत नाही. हैदराबादचा मुलगा रोज सकाळी कामावर जाण्याआधी भावाच्या दारावर थाप मारायचा आणि आतून 'हां' आलं की मला मेसेज करायचा. तो मेसेज आमच्याकडे दुपारी दीड-दोनला यायचा. तोपर्यंत मला शाळेत फळ्यावर लिहिताना अक्षरं सुचायची नाहीत.

परवानगीच्या अर्जात कारण लिहायचं होतं. मी 'पर्यटन' लिहिलं. कारकून चांगला माणूस होता. त्याने हसून विचारलं, "इंग्लंड का मॅडम? अन् हिवाळ्यात? तिकडं तं लय हिव राह्यते म्हणतात."

"हिवाळ्यात स्वस्त पडतं," मी म्हणाले.

"आमच्यासाठी चॉकलेट आणजा मंग."

मी आणीन म्हणाले आणि बाहेर येऊन बसस्टँडवरच्या नळाखाली तोंड धुतलं.

घरात आम्ही ठरवलं होतं की कोणाला काही कळू द्यायचं नाही. पोरगा खोलीत बसून राहतो, जेवत नाही, याला गावात काय काय नावं पडतात, ते मला ठाऊक होतं. त्याचं लग्न व्हायचं होतं. म्हणून सहल सांगितली. एकदा सहल म्हटल्यावर सगळ्या गल्लीला माझ्या बॅगेत रस जडला. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलाचं काश्मीरहून आणलेलं जाड लोकरीचं स्वेटर आणून दिलं. कोणी कानटोपी दिली, कोणी लवंगा-सुंठेची पुडी. माझ्यासोबत शिकवणाऱ्या बाईंनी हळदी-कुंकवाला द्यावी तशी हौसेने मला एक नवी शाल दिली. बॅग हॉलमध्ये उघडीच असायची आणि येणारी प्रत्येक बाई तिच्यात वाकून बघायची.

"इतले कमी कपडे? फोटो काढशील तं एकाच ड्रेसमंदी दिसशील वं."

मी हसायचे. त्या गेल्या की बॅगेतलं सगळं बाहेर काढायचे आणि परत भरायचे. रोज. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. कधी वाटायचं, त्याला आवडतात म्हणून ज्वारीच्या पिठाची पिशवी न्यावी, आणि मी स्वेटर काढून पीठ ठेवायचे. मग वाटायचं, तो जर दवाखान्यात असेल, तर त्याला पांघरायला काही पाहिजे, आणि पीठ काढून शाल ठेवायचे. काय समोर येणार आहे तेच माहीत नसेल तर माणूस सगळंच भरतो. एकदा माझ्या हातात पांढरी चादर आली. ती का घेतली होती, हे माझ्या लक्षात आलं, आणि मी ती कपाटात सगळ्यात खाली कोंबून टाकली.

बॅगेचं वजन नवऱ्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर केलं, जिथे हळद आणि बियाणं मोजतात. सात किलो जास्त भरलं. नवऱ्याने दुकानातच बॅग उघडली आणि एक-एक वस्तू काढून विचारायला लागला, हे पाहिजे का, ते पाहिजे का. मी म्हणाले, "मला विचारू नका. तुम्हाला वाटेल ते काढा." त्याने तुपाची बरणी काढली, तिकडे चालत नाही असं कुठेतरी वाचलं होतं म्हणून. पितळी डबा काढला. काश्मिरी स्वेटर काढायला गेला, तेव्हा दारात काकू उभ्या होत्या, म्हणून ते राहिलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी रिठदला जाऊन आले. आईने भरपूर काही बांधून ठेवलं होतं. बाबा वावरातून आले. हरभऱ्याची पेरणी चालू होती. त्यांनी हातपाय धुतले आणि आईने बांधलेल्या पुड्यांकडे पाहिलं. आमचे बाबा बोलत नाहीत फार. भाऊ गेल्यापासून त्याच्याशी फोनवर ते 'जेवला काय' एवढंच बोलत आले होते.

"हे काही नेऊ नको," ते म्हणाले. "त्याले घेऊन ये. वापसीतबी दुसरं काही आणू नको."

आई रडायला लागली. मी पुड्या घेतल्या, तिच्या समाधानासाठी, आणि मुंबईला विमानतळावर त्यातली तेलातल्या ठेच्याची बाटली तपासणीत गेली. हातातल्या पिशवीत ठेवली होती मी. त्या तपासणीतल्या मुलीने बाटली उचलून डब्यात टाकली, त्या आवाजाने मला इतकं भरून आलं की मागच्या माणसाने विचारलं, "मॅडम, ठीक आहात ना?"

पोहोचले त्या दिवशी तिकडे पाऊस होता. आपल्यासारखा नाही. पडतोय असं दिसतही नाही, पण माणूस चिंब होतो. ते जड स्वेटर मी अंगावर घातलं होतं, बॅगेचं वजन कमी व्हावं म्हणून. विमानतळावरून रेल्वेने दोन तासांचा प्रवास होता. स्टेशनाबाहेर पाच मिनिटं उभी राहिले तेवढ्यात स्वेटरने पाणी धरलं आणि ओल्या गोणपाटासारखं खांद्यांवर लोंबायला लागलं. वारा त्याच्या प्रत्येक भोकातून आत यायचा. पायांत सुती मोजे आणि शाळेत घालायच्या चपला होत्या. दुपारचे चारच वाजले होते आणि अंधारून आलं होतं.

हैदराबादचा मुलगा मला घ्यायला येणार होता, पण त्याला कामावरून निघता आलं नाही. त्याने पत्ता मेसेज केला होता, टॅक्सी करून या म्हणाला होता. मी फोन काढला आणि तो माझ्या हातातच बंद पडला. मुंबईपासून चार्ज केला नव्हता. स्टेशनात भिंतीला बोर्ड होता, पण आपली पिन त्यात जाईना. मी ती तिरपी करून, दाबून, दोन्ही हातांनी ढकलून पाहिली. शेजारी एक गोरी बाई बाकावर सँडविच खात होती; ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिला विचारता आलं असतं. मी पोरांना रोज इंग्रजी शिकवते. पण त्या वेळी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मी भिंतीला टेकून बॅगेवर बसले. तो इथेच, या शहरात, पाच-दहा मिनिटांवर असेल, आणि मला तिथे जाता येत नाही. आज सकाळी त्याच्या दारावर कोणी थाप मारली होती का, तेही मला माहीत नव्हतं.

किती वेळ बसले होते कोण जाणे. मग मला आठवलं की दिवाळीचं पार्सल पाठवताना त्याचा पत्ता मी हाताने लिहिला होता. खोक्यावर दोनदा आणि कुरिअरच्या पावतीवर एकदा. वीस वर्षं मुलांना मी सांगत आले, वाचून पाठ होत नाही, लिहून पाठ होतं. मी पर्समधून पेन काढलं आणि विमानाच्या तिकिटामागे हात आपोआप लिहील तसं लिहीत गेले. घराचा नंबर आला. रस्त्याचं नाव आलं. शेवटची पिनकोडची अक्षरं-आकडे चुकले असतील, पण टॅक्सीवाल्याने कागद पाहिला आणि मान हलवली.

दार भावानेच उघडलं.

त्याची दाढी वाढलेली होती. तो बारीक झाला होता, पण मला ओळखू येत नव्हता तो त्याच्या डोळ्यांमुळे. तो माझ्याकडे पाहत होता आणि मी आल्याचं त्याला काही वाटत नव्हतं. ना आनंद, ना राग.

"तू काहून आली?" तो म्हणाला.

"तुले पाह्याले," मी म्हणाले. माहेरची बोली माझ्या तोंडात परत आली. "आत घेशील का? मी भिजून राह्यली."

तो बाजूला झाला.

खोलीत खिडकीवर जाड कापड लावलेलं होतं. भांडी, कपडे, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. आणि पलंगाखाली ती निळी मोठी बॅग होती, जी मागच्या वर्षी मी आणि आईने मिळून भरली होती. तिच्या चेनला मी बांधलेली सुतळी तशीच होती. गाठही माझीच. पूर्ण वर्षात त्याने ती उघडली नव्हती. आत छोटा कुकर, मसाले, आईने माझ्या जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी, दोन स्वेटर. तो एका पातळ जाकिटावर त्या देशाचा सबंध हिवाळा काढून बसला होता.

"काहून नाही उघडली रे?"

"झालं नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "उद्या उघडू, उद्या उघडू, असं झालं."

मी सुतळी दातांनी तोडली. कुकर काढला. स्वयंपाकघर खाली होतं, सगळ्यांचं मिळून एक. मी मुगाची खिचडी केली, पातळ, आजाऱ्याला देतात तशी. त्याने चार घास खाल्ले. मी अजून घे म्हणाले नाही. रात्री मी त्याच्या पलंगाशेजारी गोधडी टाकून झोपले आणि दाराला आतून पाठ लावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरकडे गेलो. हैदराबादच्या मुलाने वेळ घेऊन ठेवली होती. डॉक्टर बाई होती, वयाने माझ्याएवढी. ती हळू बोलत होती, तरी तिचे उच्चार मला अर्धेच कळायचे. ती भावाला विचारायची, तो खाली बघून उत्तर द्यायचा. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला काही विचारलं. त्याने मान हलवली.

"ती म्हणते, तुले सांगणं जरुरी हाये," तो मला म्हणाला. "मीच सांगतो म्हणलं."

"सांग."

"तिनं इचारलं, झोप येते का. मी म्हणलं, दिवसा येते. तिनं इचारलं, कवापासून असं हाये. मी म्हणलं, फेब्रुवारीपासून." त्याचे हात मांडीखाली दाबलेले होते, लहानपणी मार खायची वेळ आली की करायचा तसे. "मंग तिनं इचारलं, मराचे विचार येतात का."

खोलीत कॉम्प्युटरचा बारीक आवाज येत होता.

"मी हो म्हणलं, ताई."

त्याने हे आमच्या बोलीत सांगितलं, जिच्यात आम्ही चिंचा आणि कैऱ्यांवरून भांडायचो. मला वाटतं इंग्रजीत ऐकलं असतं तर मी निभावून नेलं असतं. मी त्याचा हात मांडीखालून ओढून काढला आणि धरून ठेवला. डॉक्टर बाईने टिश्यूचा डबा आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. तिने गोळ्या दिल्या, दर दोन दिवसांनी यायला सांगितलं, एक फोन नंबर दिला. रोज रात्री कोणीतरी त्याच्याजवळ असलं पाहिजे, असं तिने माझ्याकडे बघून, एक-एक शब्द वेगळा करून सांगितलं.

पुढचे बारा दिवस मी तेच केलं. सकाळी त्याला चालायला न्यायचे. त्यासाठी आधी मला स्वतःला जाकीट घ्यावं लागलं. जुन्या वस्तूंच्या दुकानात वारा अडवणारं एक काळं जाकीट मिळालं, कोणत्या तरी बाईने वापरून दिलेलं. माझे सगळे भरलेले कपडे, ती शाल, ती कानटोपी एकीकडे आणि ते जुनं जाकीट एकीकडे. दुकानातच लोकरीचे मोजे घेतले. एवढंच लागत होतं.

कॉलेजात गेलो. तिथे विद्यार्थ्यांना मदत करणारी एक बाई होती. तिने सांगितलं की प्रकल्प तो घरून पूर्ण करून पाठवू शकतो, त्याला वेळ मिळेल, आजारपणाचा कागद तेवढा जोडावा लागेल. मी तिचे आभार मानले. भाऊ माझ्या शेजारी बसून तिच्या टेबलावरच्या कुंडीकडे बघत होता. तो ऐकतोय की नाही, हे मला कळलं नाही. मी पण त्या वेळी प्रकल्पाचा विचार करत नव्हते. मला तो विमानात बसलेला हवा होता.

त्याची खोली आवरायला आमच्याकडे दोन दिवस होते. आणि इथे मी जी चूक केली, ती लोकांना सांगायच्या यादीत नसते.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक वस्तू उचलून त्याला विचारत होते. हे न्यायचं? हे ठेवायचं? तो पलंगावर बसलेला होता. पाचव्या-सहाव्या वस्तूला त्याने डोकं गुडघ्यात घातलं. "मले नाही समजत, ताई. मले नको इचारू." दुकानात काट्यासमोर मी नवऱ्याला हेच म्हणाले होते, आणि तरी मला कळायला एवढा वेळ लागला. मग मी विचारणं बंद केलं आणि त्याला खाली हैदराबादच्या मुलाजवळ बसवलं. दुसऱ्या दिवशी सगळं मी एकटीने ठरवलं.

दोघांच्या मिळून बॅगा दोन आणि वजन ठरलेलं. मी गोधडी घेतली, कारण आईने शिवली होती. कुकर घेतला, नवा होता. दोन्ही कोरे स्वेटर. मसाले हैदराबादच्या मुलाला दिले. बाकी कपडे जुन्या वस्तूंच्या दुकानात नेऊन दिले. टेबलाखाली कागदांचा ढीग होता आणि वह्या होत्या, सात-आठ, जाड पुठ्ठ्याच्या, पानं मातीने डागाळलेली, काहींवर पाणी पडून अक्षरं पसरलेली. मी एक उघडून पाहिली. आकडे आणि आकडे. वह्या जड होत्या. लॅपटॉप तर आम्ही नेतच होतो, त्यात सगळं असेल, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, मी नीट विचारही केला नाही. मी त्या वह्या कागदांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

मुंबईहून रेल्वेने अकोला, तिथून नवऱ्याने गाडी आणली होती. रिठदला पोहोचलो तेव्हा बाबा रस्त्यावर उभे होते. भाऊ उतरला. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जेवला काय?" तो म्हणाला, "नाही." मग दोघं आत गेले. बॅगा आम्ही उतरवल्या.

तो अकोल्याच्या डॉक्टरकडे जायला लागला. गोळ्या बदलल्या. काही आठवडे बरे गेले, काही इतके वाईट की आई मला शाळेत फोन करायची आणि मी वर्ग सोडून निघायचे. हळद काढायच्या दिवसांत तो वावरात जायला लागला. काम करायचा नाही, बसायचा, पण उन्हात बसायचा. हळद शिजवतात त्या लोखंडी ढोलाखाली आच लावायला बाबा त्याला बसवायचे. एक दिवस तो मला फोनवर म्हणाला, "ताई, आज कढी दोन वाट्या पेलो." मी ते नवऱ्याला सांगितलं, आणि शेजारच्या काकूंनाही सांगणार होते, पण मग त्यांना सगळंच सांगावं लागलं असतं.

एप्रिलमध्ये मी रिठदला गेले होते. तो बाजेवर लॅपटॉप घेऊन बसला होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

"ताई, माह्या वह्या कुठी हायेत?" तो म्हणाला.

"कोणत्या?"

"मातीच्या नोंदीच्या. टेबलाखाली होत्या. मी पह्यल्या हिवाळ्यात रोज वावरात जाऊन लिहिलेल्या. तिथल्या वावरात. त्याच्यावरच सगळा प्रकल्प हाये."

मी त्याला सांगितलं, आहे तसं. बॅगेत बसत नव्हत्या, मला वाटलं लॅपटॉपमध्ये असतील. तो ऐकत राहिला. मी हैदराबादच्या मुलाला त्याच्यासमोरच फोन लावला. तो बिचारा वाईट वाटून म्हणाला, "दीदी, वो तो उसी हफ्ते कचरे की गाड़ी ले गई."

"लॅपटॉपमंदी अर्धंच होतं," भाऊ म्हणाला. "हात गारठायचे तं तिथं टाइप नाही करता येत. म्हणून लिहायचो."

त्याने लॅपटॉप बंद केला. रागावला नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. आम्ही त्याच्यासाठी जे जे भरून दिलं होतं, ते मी वजन करून जपून परत आणलं होतं. गोधडी कपाटात होती, कुकर चुलीवर होता. त्याने स्वतः तिथे जे केलं होतं, तेवढंच तिथे राहिलं. त्या रात्री त्याने गोळी घेतली नाही, असं आईने सकाळी सांगितलं, आणि पुढचे दहा दिवस पुन्हा पहिल्यासारखे गेले. मी शाळेला सुट्टी टाकून रिठदला राहिले, पुन्हा त्याच्या बाजेशेजारी.

बाबांनी एकदा विचारलं, "आता ते शिक्षण वाया गेलं का?" मी हो म्हणाले. ते उठून बाहेर गेले. माझं काही चुकलं, असं त्यांनी आजवर म्हटलेलं नाही. भावानेही नाही. आई एकदा म्हणाली, "तू नसती गेली तं तो वापस आला नसता, बाई." ते खरं आहे. वह्यांचंही खरं आहे. दोन्ही एकत्र घेऊन मला नीट झोप येत नाही.

यंदाच्या थंडीत कॉलेजचं पत्र आलं. प्रकल्प द्यायचा नसेल तर झालेल्या विषयांवर एक लहान प्रमाणपत्र मिळू शकतं, अर्ज करावा. भाऊ केनवडला माझ्याकडे आला. एकटा, एसटीने. म्हणाला, "ताई, माहा पासपोर्ट दे."

आल्यापासून तो पासपोर्ट मी माझ्या लोखंडी कपाटात, कुलपात ठेवला होता. का ठेवला होता, हे आम्ही कधी बोललो नव्हतो. मी विचारलं, "कायले पाह्यजे?"

"अर्जात नंबर लिहाचा हाये. छोटं तं छोटं सर्टिफिकेट. काही तं मिळेल."

मी किल्ली आणली. त्याने ओट्यावर बसून अर्ज भरला, हळूहळू, नंबर दोनदा तपासला. नव्या सुनेसारखी मी त्याच्यासमोर चहाचा कप घेऊन उभी होते आणि त्याच्या बोटांकडे पाहत होते. अर्ज झाल्यावर मी हात पुढे केला, पासपोर्ट परत कपाटात ठेवायला. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, आणि पासपोर्ट शर्टाच्या खिशात घातला.

"माह्याजवळ राहू दे," तो म्हणाला.

तो रिसोडच्या गाडीने गेला. तिकडून रिठदला पोहोचायला तास-सव्वा तास लागतो. तेवढा वेळ मी ओट्यावरच बसून होते.